माशांना लावलेला कौल

आमच्या घरात मासे आले ते कालवणासाठी नव्हेत, पाळायला आले. हे ऐकून आमची आई कपाळाला हात लावून सोप्यात बसली. "मासं काय पाळायची जिन्नस हाय व्हय रं? उद्या म्हणशील कोंबडीला अंगडं शिवा." दादा काही बोलला नाही. तो तसाही बोलत नसेच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मिलमध्ये मागखात्यात कारकून होता. त्या खात्याचा गोरा साहेब मोठ्या रजेवर विलायतेला निघाला होता, आणि साहेबाला माशांचं भारी वेड. बंगल्यात काचेच्या टाक्याच टाक्या. बाकीचे मासे त्यानं ओळखीच्या गोऱ्या लोकांत वाटून टाकले, पण एक जोडी कुणी घेईना. कारण त्यातल्या नरानं आधीची मादी मारली होती. शेपटीपासून कुरतडत मारली म्हणे. ही दुसरी मादी बोटीनं मागवलेली, आणि ह्या दोघांची पिल्लं व्हावीत असा साहेबाचा ध्यास. त्यानं दादाला विचारलं, सांभाळशील का, आणि जमलं तर पिल्लं काढशील का? दादा म्हणाला, "येस सर." माझ्या भावाला उभ्या आयुष्यात समोरच्या माणसाला 'नाही' म्हणता आलं नाही. समोर साहेब असला तर साहेबाला, आई असली तर आईला. लोक त्याला गरीब गाय म्हणायचे. मी म्हणते, ह्या गरीब गाईनं जेवढं नुकसान केलं तेवढं माजलेल्या बैलानंसुद्धा केलं नसतं.

मी तेव्हा नवरा पटकीनं गेल्यावर माहेरी परत आलेली. वय विशीतलं, पण तोंड पन्नाशीचं. सोलापुरात शुक्रवार पेठेतलं आमचं माळवदाचं घर, पुढं सोपा, मागं परडं. त्यात आई, दादा, वैनी आणि मी. आता त्यात ही दोन विलायती माणसं वाढली.

टाकी बैलगाडीतून आली. लोखंडी चौकट, चारी बाजूंनी काच, तळाला वाळू आणि खडे, आणि मध्ये वरून खाली सरकवायची आणखी एक काच. काचेच्या एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी. वीतभर लांब, काजळासारखे काळे, आणि सोप्यात सकाळचं ऊन आलं की अंगावर निळे-हिरवे ठिपके चमकायचे. ओठ जाड, डोळे लाल. नराच्या कपाळावर टेंगूळ. आम्ही त्याला बाप्या म्हणायला लागलो आणि तिला बाई. बाप्या दिवसभर मधल्या काचेवर थडाथड डोकं आपटायचा. गालफडं फुगवून, तोंड वासून यायचा आणि काचेवर आदळायचा. पलीकडं बाई कोपऱ्यात अंग चोरून उभी.

"असाच एक चुलता हाय माझा," मी म्हटलं. वैनी हसली. तिला हसताना मी फार दिवसांनी पाहिली.

वैनीबद्दल सांगायला हवं. ती वेळापूरकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची लेक. कामाला वाघीण आणि बोलायला मुकी. तिची दोन बाळंतपणं झाली. दोन्ही पोरं टाहो फोडत जन्माला आली, अंगानं गुटगुटीत. आणि दोन्ही सटवीच्या पूजेच्या सुमाराला, पाचव्या-सहाव्या दिवशी गेली. आधी छातीला तोंड लावेनात. मग जबडा मिटला तो उघडेना, आणि अंग मागं कमानीसारखं ताठ. दोन्ही बाळंतपणं आईनंच केली होती. आमच्या गल्लीत तिच्या हाताला यश आहे असं मानायचे. तिच्या सासूच्याही आधीपासून चालत आलेला एक विळा घरात होता, फक्त नाळ कापायला राखलेला. नाळ कापायची, बेंबीवर गोवरीची राख दाबायची, विळ्याला हळदकुंकू लावायचं आणि फडक्यात गुंडाळून परत कोनाड्यात. देवासारखा जपायची ती तो विळा. पोरं गेल्यावर आई छाती बडवून रडली, आणि रडणं संपल्यावर तिनं सुनेकडं पाहिलं. त्या दिवसापासून वैनीला एक नाव पडलं. पोरं खाणारी.

हे नाव तोंडावर कुणी घेत नसे. पण शेजारची बाळंतीण आमच्या दारावरून जाताना लेकरू पदराखाली झाकून घ्यायची. बारशाला आम्हाला बोलावणं यायचं ते आईला आणि मला. मी विधवा, तरी मला यायचं, बघा. पांढऱ्या कपाळाचीसुद्धा चालत होती, ती चालत नव्हती.

आणि दुसऱ्या पोराला जाऊन वर्ष होतंय न होतंय तोच आईनं बार्शीकडची एक पोरगी हेरली. दादाचं दुसरं लग्न करायचं. सवत आली तर एका घरात दोघी नांदतात, त्यात काय मोठंसं नव्हतं त्या काळी. पण आईचं म्हणणं, खाणारीची सावली नव्या सुनेच्या पोटावर पडायला नको, म्हणून वैनीला कायमची माहेरी धाडायची. दादा म्हणाला, "तू म्हणशील तसं." मी म्हटलं, "दादा, तू तरी काय म्हणतोस?" तर म्हणे, "मी काय म्हणणार?" अरे बाबा, बायको तुझी!

तर अशा घरात ती जोडी येऊन पडली. दादा मिलच्या भोंग्याला जाणार आणि भोंग्याला येणार, त्यामुळं माशांचं सगळं वैनीच्या गळ्यात पडलं. साहेबानं दादाला सांगितलेलं दादानं तिला सांगितलं. पाणी एकदम बदलायचं नाही, अर्धं काढायचं, अर्धं ताजं घालायचं. गांडुळं घालायची. दोघांना काचेतून एकमेकांची सवय होऊ द्यायची. बाप्याचं आदळणं थांबलं आणि बाईचं पोट भरलेलं दिसलं की मधली काच काढायची. मारामारी झाली तर परत घालायची. अंडी दिसली की टाकीत हात घालायचा नाही. एवढंच. पुढचं साहेबालाही ठाऊक नव्हतं, कारण त्याच्याकडं गाडी कधी पुढं गेलीच नव्हती.

उन्हाळा लागलेला. नळाला पाणी करंगळीएवढं. वैनी माशांसाठी वेगळी घागर लावायची आणि रांगेतल्या बाया तिला टोचायच्या. एक म्हणाली, "माणसं वाळून चालली आणि ह्यांच्या मासळीला रोज न्हाणं!" मी मागंच उभी होते. म्हटलं, "तुमच्या नवऱ्याच्या रोजच्या न्हाण्यापेक्षा आमच्या मासळीला पाणी कमीच लागतं, आक्का. आणि ती शिव्या देत न्हाय." रांग हसली, आक्का फणकारली. वैनीनं मात्र मान वर केली नाही.

परड्यात न्हाणीच्या पाण्याची ओल असायची, तिथं ती गांडुळं उकरायची. आईला त्या गांडुळांची शिसारी. ती सोप्यात यायची, टाकीकडं बघायची, थुंकल्यासारखं करायची आणि आत जायची.

पहिल्यांदा काच काढली ती दादानं, एका सुट्टीच्या सकाळी. साहेबाचं पत्र येईल, त्यात काय लिहू, ह्याची त्याला घाई. वैनी म्हणत होती, "अजून न्हाय. त्यो अजून डोकं आपटतोय." पण तिचं कोण ऐकतंय? काच वर ओढली आणि बाप्या सुटला. बाईला पळायला जागा किती, तर हातभर. ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. त्यानं तिची शेपटी धरली, हिसडली, पाण्यात खवले उडाले. "आगं आय आय आय," मी ओरडले. दादा नुसता हातात काच धरून उभा. शेवटी वैनीनं त्याच्या हातातून काच ओढली आणि दोघांच्या मधोमध खाली सोडली. बाईच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. ती तळाशी आडवी झाली.

आई हे सगळं दारातून बघत होती. ती पुढं आली. टाकीजवळ उभी राहिली आणि बराच वेळ त्या आडव्या माशाकडं बघत राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मला वाटलं काहीतरी तिखट बोलणार. ती म्हणाली, "आता ऐका. बार्शीची मानसं सुपारी फोडायला यायची म्हणत्यात. मी चार दिस हो म्हणीन, चार दिस न्हाय म्हणीन, माझ्याबी जिवाला बरं वाटंना. देवीनं हे जोडपं माझ्या दारात धाडलंय, त्ये उगं न्हाय धाडलं. मी कौल लावते. ह्या मासळीला पोरं झाली आन् जगली, तर पुन्यांदा मी लग्नाचं नाव काढनार न्हाय. न्हाय जगली, तर सुपारी फुटंल आन् हिनं आपल्या घरी जायाचं."

आमच्या गावाकडं कौल लावायचा म्हणजे देवीच्या मूर्तीला उजवीकडं-डावीकडं फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, जमिनी, आजारपणं, सगळं त्या पाकळीवर. पण माशांना कौल? मी म्हटलं, "आये, डोकं फिरलंय व्हय तुझं? मासा त्यो मासा. त्याला काय ठावं तुझ्या सुनेचं?" आई म्हणाली, "पाकळीला तरी काय ठावं असतंय?" दादानं मान डोलावली. आणि वैनीनं, ज्या बाईनं ह्या घरात कधी तोंड उघडलं नव्हतं तिनं, म्हटलं, "चालंल, आत्याबाई."

मला तिचा इतका राग आला! नंतर परड्यात मी तिला झापलं. म्हटलं, त्या मुडद्यानं एक बायको मारलीय, दुसरी अर्धी केलीय, आणि तुम्ही त्याच्यावर संसार लावता? ती गांडुळं उकरत होती. म्हणाली, "वन्सं, आत्तापतुर माज्यावर समद्यांनी आपापलंच म्हननं लावलं. मासा तरी माजं नाव घेनार न्हाय."

मग ती कामाला लागली. मी पुढं आयुष्यात पुष्कळ बायकांची बाळंतपणं केली, पण दुसऱ्याची कूस उजवावी म्हणून इतकी राबलेली बाई मी पाहिली नाही. बाईची शेपटी भरून येईपर्यंत तिनं काचेला हात लावू दिला नाही. दादानं एकदा नुसता हात पुढं केला तर तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुकाट डबा उचलून मिलला गेला. बाईला ती दोन वेळा चारायची, बाप्याला एकदा. अंगानं ती त्याच्याबरोबरीची झाली पाहिजे, म्हणजे तो दबेल, असं वैनीचं गणित. एका बाजूला फुटका डेरा आडवा घालून ठेवला, बाईला लपायला. दुपारी टाकीचं पाणी तापायचं, तेव्हा गार पाणी तांब्या तांब्यानं कडेनं सोडायची. तिनं हेरलं होतं की गार पाणी पडलं की दोघं उल्हासतात, रंग चढतो. बाप्याला एकच फरशी आवडते, तिच्यावर तो तोंड घासतो, हेही तिनंच पाहिलं. शहाबादी फरशीचा तो तुकडा तिनं मधल्या काचेला खेटून ठेवला, अर्धा ह्याच्या बाजूला, अर्धा तिच्या.

हळूहळू बाप्याचं आदळणं कमी झालं. तो काचेजवळ यायचा, थांबायचा, अंग थरथरवायचा. पलीकडून बाईसुद्धा पुढं यायला लागली. तिचं पोट फुगलं. एक दिवस वैनी म्हणाली, "आज."

तिनं काच ओढली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तर दोघांनी एकमेकांचे ओठ दातांत धरले होते आणि टाकीभर फरफटत होते. "खाल्ली, खाल्ली तिला," मी ओरडले आणि काच घालायला धावले. वैनीनं माझं मनगट धरलं. "थांबा की. तीबी धरतीया. बघा तरी, तीबी सोडत न्हाय." आणि खरंच, ह्या खेपेला बाई पळत नव्हती. दोघं दमली, सुटली, बाजूबाजूला उभी राहिली. मग बाप्या फरशीकडं गेला आणि तोंडानं ती घासायला लागला. थोड्या वेळानं बाईसुद्धा घासायला लागली. एखादं नवं जोडपं घर सारवतं तशी.

दोन दिवसांत फरशीवर अंडी दिसली. राजगिऱ्यासारखी, ओळीनं चिकटवलेली. दोघं वर उभं राहून परांनी वारा घालायची. आई आली, वाकून पाहिलं आणि आत गेली. परत आली ती हळदकुंकवाची कोयरी घेऊन. टाकीच्या काचेला बोटं ओढली. मग वळली आणि वैनीच्या कपाळाला लावलं. किती दिवसांनी! वैनी तशीच उभी राहिली, डोळ्यांतलं पाणी नाकाशी आलं तरी पुसेना. त्या दिवशी आईनं बार्शीला निरोप धाडला की घाई करू नका. मी सांगते, त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा कुणी कुणाला बोललं नाही आणि ते बरं वाटलं.

अंडी फुटली. फरशीवर बारीक शेपट्या वळवळायला लागल्या, डोकी अजून फरशीलाच चिकटलेली. "जगू देत," आई म्हणाली. "मग मी देवीला खण घालीन." तिच्या आवाजात आस होती. मी तिला वाईट म्हणते ते म्हणतेच, पण ती आस खोटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि वैनी परड्यात धुणं धूत होतो. आईची किंकाळी आली. आम्ही ओल्या हातांनी धावलो. आई टाकीसमोर उभी, बोट काचेवर. "खाती! माझ्या डोळ्यांदेखत खाती! बघा की गं!"

मी पाहिलं. बाई फरशीवर वाकली होती. एकेक पिल्लू तोंडात घेत होती. तोंड मिटायची, वळायची, डेऱ्यामागं जायची, परत यायची. परत तोंडात घ्यायची. फरशी जवळजवळ मोकळी झाली होती. मलाही तेच दिसलं जे आईला दिसलं.

"न्हाय," वैनी म्हणाली. "ती गिळत न्हाय. गळा हालत न्हाय तिचा. थांबा आत्याबाई, ती कुटंतरी नेतीया. जरा थांबा."

आई थांबली नाही. तिनं पिठाची चाळण आणली, बाई मादीला टाकीतून उपसलं आणि परड्यातल्या तांब्याच्या हंड्यात टाकलं. वैनीनं चाळण धरायचा प्रयत्न केला तेव्हा आई तिच्या अंगावर आली आणि ते नाव, जे इतके दिवस कुणी तोंडावर घेतलं नव्हतं, ते तिनं घेतलं. "खाणारे! तुझ्या पायगुणानं मुकी जनावरंसुदिक पोरं खायाला लागली."

दादा संध्याकाळी आला, त्यानं सगळं ऐकलं आणि टोपी खुंटीला अडकवली. आईनं बार्शीच्या माणसांना सांगावा धाडायला लावला. त्यांच्यातले दोघंजण सोलापुरातच बाजाराला आलेले होते. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच आले, सोप्यात बसले, त्या टाकीकडं पाठ करून. सुपारी फुटली. गूळ वाटला. गुळाचं ताट वैनीनंच बाहेर आणलं, कारण दुसरं कोण आणणार? मी तर आत भिंतीला टेकून दात खात बसले होते.

पाहुणे गेल्यावर वैनीनं मला हाक मारली. टाकीजवळ. तिनं डेऱ्यामागं बोट दाखवलं. तिथं वाळूत एक खड्डा उकरलेला होता, अगदी कोपऱ्यात, आणि त्या खड्ड्यात सगळी पिल्लं. वळवळणारा गोळा. बाप्या त्यांच्यावर उभा राहून वारा घालत होता. एक पिल्लू खड्ड्यातून घरंगळलं. त्या खुन्या, बायको मारणाऱ्या जनावरानं ते तोंडात अलगद उचललं आणि परत खड्ड्यात थुंकलं.

मी आईला दंडाला धरून ओढत आणलं. "बघ! बघ आता! जित्ती हायेत समदी! नेऊन ठिवत हुती ती. तुझा कौल लागला, उजवा लागला!" आई गुडघ्यावर बसली. काचेला नाक लावून पाहिलं. तिनं पाहिलं, ह्यात मला तिळमात्र शंका नाही. बाप्यानं आणखी एक पिल्लू उचलून ठेवलं तेही तिनं पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली.

"सुपारी फुटली की," ती म्हणाली आणि आत गेली.

बाई मादी हंड्यात पालथी होऊन मेली होती. वैनीनं ती परड्यात पेरूखाली पुरली. जाताना तिनं मला एवढंच सांगितलं, की पाणी एकदम बदलू नका, आणि डेरा हलवू नका. गाडीत बसली आणि गेली. दादा स्टेशनपर्यंतसुद्धा गेला नाही, त्याची पाळी होती म्हणे. पुढं साहेब परत आला, बोटभर झालेली पिल्लं पाहून लहान पोरासारखा नाचला, दादाची पाठ थोपटली. दादानं घरी येऊन सांगितलं, आणि मी त्याच्यासमोरचं ताट उचलून आत नेलं. खा म्हटलं शाबासकी.

नवी वैनी आली. पोर बिचारी, वयानं लहान. तिला दिवस गेले, आईनं बाळंतपण केलं, मुलगा झाला. चांगला टाहो फोडत आला. सटवीच्या सुमाराला त्यानं दूध सोडलं, जबडा मिटला, अंग कमानीसारखं ताठ झालं. आईनं छाती बडवली. आणि रडणं संपल्यावर ती नव्या सुनेकडं बघायला लागली. ते बघणं मला पाठ होतं. मी त्या घरातून बाहेर पडले. दवाखान्यात त्या वेळी विधवा बायकांना सुईणीचं काम शिकवायचे. आईनं आकांडतांडव केलं, दादा गप्प राहिला, त्याच्या गप्प राहण्याचा आयुष्यात एकदाच मला उपयोग झाला.

तिथं एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला धनुर्वात शिकवला. म्हणाल्या, बाळ नीट जन्मतं, पाचव्या-सहाव्या दिवशी दूध सोडतं, जबडा मिटतो, अंग कमानीसारखं वळतं. कशानं? न उकळलेल्या हत्यारानं नाळ कापली, वर राख नाहीतर शेण लावलं, की… बाईंचं पुढचं मला ऐकू आलं नाही. डोळ्यांसमोर तो कोनाडा, ते फडकं, तो हळदकुंकू लावलेला विळा.

नव्या वैनीच्या पुढच्या बाळंतपणाला मी कात्री उकळून घेऊन गेले. आई विळा घेऊन बसलेली. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. झटापट झाली, माझ्या तळव्याला लागलं, पण घेतला. पोरगी झाली. सटवी आली आणि गेली, पोरगी दूध पीतच राहिली. मग मी आईला समोर बसवलं आणि सांगितलं, एक अक्षर न गाळता. "आये, वैनीनं पोरं न्हाय खाल्ली. तुझ्या ह्या विळ्यानं खाल्ली. तिन्ही."

आई पोरीला मांडीवर हलवत होती. हलवायची थांबली. "तुमची दोगांची नाळबी ह्याच विळ्यानं कापलीया," ती म्हणाली. मी म्हटलं, "आन् तुझी जी गेली, ती?" माझ्या आधीची तिची तिघं गेलेली, मला माहीत होतं. तिनं पोरीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "मला तरी कोन काय म्हनलं नव्हतं व्हय?" आणि पोरीला परत हलवायला लागली. विळा मी चुलीत घातला. मूठ जळाली, पातं राहिलं, ते नंतर मातीत गाडलं.

माझ्या जिवाला मात्र चैन पडेना. हे वैनीला कळलं पाहिजे. ती तिकडं स्वतःला खाणारी समजून जगत असेल. रजा मिळाली तशी मी वेळापूरची वाट धरली आणि तिथून पायी तिच्या गावी गेले. ती भावाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे व्हायला लागलेले, हात काळे पडलेले. मला बघून उठली, पाणी दिलं. मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. विळा, राख, धनुर्वात, तिसरं पोर, जगलेली पोरगी. म्हटलं, "वैनी, तुमचा काही दोष नव्हता. कधीच नव्हता." तिनं शेंगांची टरफलं ओच्यातून झाडली आणि आत गेली.

मला वाटलं रडायला गेली. रडू दे, म्हटलं, इतक्या वर्षांचं आहे. आतून ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा अंगावर धुवट लुगडं होतं, कपाळाला कुंकू लावलेलं आणि हातात गाठोडं.

"चला, वन्सं," ती म्हणाली. "गाडी गावंल का आता सोलापूरची?"

त्या घरात आता दुसरी नांदत होती, तिच्या मांडीवर पोरगी होती, आणि दादानं तर हिचं नावसुद्धा इतक्या वर्षांत काढलं नव्हतं. कसंबसं म्हटलं, "वैनी, मी न्यायला न्हाय आले. मी नुसतं सांगायला आले."

तिनं गाठोडं खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं.

"मग कशाला सांगितलंसा?" ती म्हणाली.